जप्ती म्हणजे घर गेलं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर्टातल्या एका छोट्या ऑफिसात मी वर्तमानपत्रांत द्यायच्या जाहीर नोटिसांचं मराठी तपासतो. मसुदा बहुतेक वेळा इंग्रजीतून येतो, भाषांतर घाईघाईत झालेलं असतं, आणि त्यात जप्ती, टाच, ताबा, अटकावणी हे शब्द जमतील तसे पेरलेले असतात. नोटीस छापून आली की लोक विचारत येतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्वतःच्या प्रकरणासाठी वकील गाठाच. पण वकिलाकडे जाताना हातातल्या कागदावर काय लिहिलंय हे कळलेलं असावं, एवढ्यासाठी हे पान.

‘जप्ती’चा नेमका अर्थ काय?

अधिकार असलेल्या कुणीतरी, कायद्याच्या किंवा हुकमाच्या बळावर, तुमची वस्तू किंवा मिळकत तुमच्या हातातून काढून घेणं, किंवा तिचं काही करण्याची तुमची मुभा काढून घेणं. अधिकार नसताना घेतली तर ती जप्ती नव्हे. आणि लोक जे विसरतात ते हे, की जप्तीने सहसा मालकी जात नाही. मालकी जाते ती पुढच्या पायरीवर: लिलावातली विक्री कोर्टाने कायम केल्यावर, किंवा मालमत्ता सरकारजमा झाल्यावर. जप्ती आणि ही पायरी यांच्यामध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्षं. तेवढ्या काळात करण्यासारखं पुष्कळ असतं, म्हणून ‘जप्त’ वाचल्याबरोबर ‘गेलं’ असं समजून बसू नका.

जप्त की जब्त?

मराठीत जप्त. मूळ शब्द अरबी ‘ज़ब्त’, तो फारसीमार्फत आपल्याकडे आला. उर्दूत त्याचा अर्थ आवरणं, काबूत ठेवणं असाही आहे. तिथे माणूस अश्रूही ज़ब्त करतो. मराठीने त्यातला फक्त सरकारी अर्थ उचलला. पुढे ‘त’ आला की आधीच्या ‘ब’चा किंवा ‘फ’चा आपल्या तोंडी ‘प’ होतो, दफ्तरचं दप्तर आणि हफ्त्याचा हप्ता झाला तसा. हल्ली हिंदी वाहिन्यांमुळे ‘जब्ती’ आणि ‘कुर्की’ दोन्ही मराठी मजकुरात घुसतात. ‘कुर्की’ची तर आपल्याला काहीच गरज नाही.

वाक्यात कसा वापरायचा?

‘जप्त’ विशेषण, ‘जप्ती’ स्त्रीलिंगी नाम, अनेकवचन जप्त्या. माल जप्त करतात, माल जप्त होतो. घरावर जप्ती येते, कोर्ट जप्ती आणतं, पैसे भरले की जप्ती उठते. कागद जप्तीचा हुकूम किंवा जप्तीचं वॉरंट, आणि गेलेली वस्तू ‘जप्तीत गेली’. उचलून नेता येते तिची जप्ती होते. जागची हलत नाही तिच्यावर जप्ती येते. म्हणून ‘मालाची जप्ती’ आणि ‘घरावर जप्ती’. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कान तसंच मागतो.

मसुद्यांत ‘जप्तीकरण’ दिसलं की मी लाल पेन काढतो. ‘जप्त करण्यात आले’ हे व्याकरणाने चूक नाही, पण कोणी केलं ते त्यात दडून राहतं, आणि नोटीस वाचणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. कोर्टाने, पालिकेने, बँकेने की पोलिसांनी? पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

टाच आणि जप्ती एकच का?

बोलण्यात एकच. बारकाईने पाहिलं तर टाच हा जप्तीचा असा प्रकार, की ज्यात वस्तू जागेवरच राहते आणि व्यवहार थांबतात. बँक खातं, पगार, शेअर्स, फ्लॅट यांच्यावर टाच येते. टीव्हीवर टाच आली असं कुणी म्हणत नाही. टीव्ही जप्त होतो.

दिवाणी कोर्टात हा फरक उघड दिसतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २१ प्रमाणे जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तू बेलीफ, म्हणजे हुकूम बजावणारा कोर्टाचा माणूस, प्रत्यक्ष ताब्यात घेतो. स्थावर मिळकतीच्या बाबतीत मात्र मालकाला मनाई हुकूम मिळतो: ही मिळकत विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाच्या नावावर करायची नाही. हुकमाची प्रत मिळकतीवर ठळक जागी चिकटवतात. शिवाय नियमात ढोल वाजवून किंवा रूढ रीतीने जाहीर करा असंही आहे, म्हणजे आपली दवंडी. या मनाईनंतर मालकाने परस्पर केलेला व्यवहार जप्ती आणणाऱ्याच्या हक्काआड येऊ शकत नाही; कलम ६४ ने तो त्याच्यापुरता रद्दबातल ठरतो. मुंबईत जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. विकणारा चावी हातात देऊ शकतो, घर रिकामं करून देऊ शकतो, आणि तरीही घर टाचेखाली असू शकतं.

वर्तमानपत्रांत ‘सवलतींवर टाच’, ‘अधिकारांवर टाच’ असतं, तो अलंकार. चांगला आहे, फक्त कायद्याच्या मजकुरात नको.

पालिका ‘अटकावणी’ म्हणते, ते काय?

मालमत्ता कर थकला की मुंबई महापालिका मिळकत किंवा आतल्या वस्तू अडकवून ठेवते, त्याला पालिकेच्या मराठीत अटकावणी म्हणतात. अधिकार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातून येतो. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग अटकावणी, आणि तरीही पैसे न भरल्यास लिलाव. बातमीत हेच ‘जप्ती’ म्हणून येतं आणि त्यात फारसं बिघडत नाही. मला स्वतःला अटकावणी हा शब्द आवडतो, कारण वस्तू अडली आहे, गेलेली नाही, हे तो स्वतःच सांगतो.

सरकारजमा, खालसा, अधिहरण, समपहरण हे सगळे जप्तीच का?

नाही. इथे मालकीच जाते.

विमानतळाचं उदाहरण सोपं पडेल. सहारला प्रवाशाच्या कमरपट्ट्यात सोनं सापडलं आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते घेतलं, ही जप्ती. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. ही मुदत कारणं नोंदवून आणखी सहा महिने वाढवता येते. मग बाजू ऐकली जाते, निकाल होतो, आणि निकालात अधिकारी ते सोनं सरकारजमा करू शकतात किंवा दंड घेऊन सोडवून घेण्याचा पर्याय देऊ शकतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं ‘सोने जप्त’ ही या प्रवासातली पहिली पायरी. भाषांतरित कायद्यांत सरकारजमा करण्याला अधिहरण, समपहरण असे शब्द येतात. त्यांचा आपसांत फरक आहे, पण नोटीस वाचणाऱ्या माणसाला ‘सरकारजमा’ लगेच कळतं आणि ‘समपहरण’ कोशात शोधावं लागतं, हेही खरं.

‘खालसा’ राज्यांसाठी आणि संस्थानांसाठी. इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा केलं, १८५४ मध्ये नागपूरचं. घर खालसा होत नाही.

आता अपवाद. निवडणुकीत ‘अनामत रक्कम जप्त’ होते तेव्हा ती खरोखरच गेलेली असते. लोकसभेला २५,००० रुपये आणि विधानसभेला १०,००० रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. हरलेल्या उमेदवाराची मतं एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या पुढे गेली नाहीत, तर ती परत मिळत नाही. इथे ‘सरकारजमा’ जास्त बरोबर ठरलं असतं, पण ‘डिपॉझिट जप्त झालं’ म्हणण्यात जी चव आहे ती कोण सोडणार?

ईडीने फ्लॅट जप्त केला, म्हणजे तो सरकारचा झाला का?

नाही, आणि याबद्दल सर्वाधिक गैरसमज असतो, कारण मथळ्यात ‘कोट्यवधींची संपत्ती जप्त’ एवढंच असतं. २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ खाली होते ती तात्पुरती टाच. तिची मुदत जास्तीत जास्त १८० दिवस. तेवढ्यात निर्णायक प्राधिकरणाने (अशा टाचा तपासण्यासाठी याच कायद्याने नेमलेल्या संस्थेने) ती कायम केली नाही तर ती संपते. या तात्पुरत्या टाचेच्या काळात स्थावर मालमत्तेत राहणाऱ्याला तिचा उपभोग घेता येतो, म्हणजे घर टाचेखाली आणि घरातले लोक घरातच, असं चित्र असू शकतं. टाच कायम झाल्यावर ईडी ताबा घेऊ शकते. सरकारजमा होण्याची पाळी सर्वसाधारणपणे खटल्याचा निकाल लागून गुन्हा शाबीत झाल्यावर येते. मथळा लिहिणाऱ्याकडे जागा कमी असते हे मान्य, पण ‘तात्पुरती टाच’ला तशी कितीशी जास्त जागा लागते?

पेपरातली बँकेची ‘ताबा सूचना’ म्हणजे जप्ती का?

शब्दाने नाही, परिणामाने बरीचशी तशीच. घरकर्ज देताना बँकेने घर आधीच तारण घेतलेलं असतं, त्यामुळे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तिला दिवाणी दावा लावून जप्तीचा हुकूम आणावा लागत नाही. हप्ते थकून खातं अनुत्पादक (एनपीए) ठरलं की कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या, तोंडी सांगून भागत नाही. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस उलटले की बँक ताबा घेऊ शकते, आणि ताबा सूचना ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात, छापावी लागते. मराठी पेपरांची मधली पानं या सूचनांनी भरलेली असतात ती यामुळे.

सूचनेत ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिलंय की ‘प्रत्यक्ष ताबा’, हे बोट ठेवून वाचा. प्रतीकात्मक म्हणजे कागद दारावर चिकटला, घर तुमच्याच हातात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणते आणि मग कोर्ट कमिशनर पोलीस बंदोबस्तात येतात. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं. सगळी थकबाकी खर्चासह भरून घर सोडवायचं असेल तर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. २०१६ च्या दुरुस्तीपूर्वी जास्त सवड होती. ‘बोली लागेपर्यंत बघू’ असं सांगणारे जुन्या कायद्यात अडकलेले असतात. त्यांचं ऐकू नका.

बेलीफ आला तर घरातलं काय काय नेऊ शकतो?

आधी कोण येतं ते. दक्षिण मुंबईतून निघणारं वॉरंट धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचं किंवा शहर दिवाणी न्यायालयाचं असेल तर बेलीफ येतो. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतला (जिथे दावे थेट दाखल होतात) हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा हुकूम, असेल तर काम शेरीफच्या कार्यालयाकडे जातं. मुंबईचे शेरीफ म्हटल्यावर लोकांना समारंभातलं मानाचं पद आठवतं, पण त्या कार्यालयाचं जुनं काम समन्स बजावणं, जप्ती आणणं आणि सील ठोकणं हेच आहे.

काय नेता येत नाही याची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, आणि ती वाचली की कायदा करणाऱ्यांच्या मनात कोणता संसार होता ते दिसतं. ऋणको (ज्याच्याकडून देणं आहे तो), त्याची बायको आणि मुलं यांचे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाट आणि अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्राला हात नाही. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, गुरं, बियाणं आणि राहतं घर. हिशेबाच्या वह्या. मजुराची आणि घरकाम करणाऱ्याची मजुरी. पीपीएफची रक्कम. शिलाई मशीनवर पोट असलेल्या धारावीतल्या कारागिराला ‘हत्यारं’ या शब्दाचा आधार घेता येतो. फ्रिज, टीव्ही, कपाट यांना मात्र असं संरक्षण नाही, आणि मुंबईतल्या राहत्या फ्लॅटलाही नाही. ते शेतकऱ्याच्या घराला आहे.

शिवाय सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलीफाला राहत्या घरात शिरता येत नाही.

पगारावर किती टाच येऊ शकते?

पोटगीचा हुकूमनामा नसेल तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित. धरण्याजोगा पगार ३१,००० असेल तर १,००० अधिक २०,००० तुमचे, टाच १०,००० वर. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी टाच एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. पोटगीच्या बाबतीत उलट हिशेब: फक्त एक तृतीयांश सुरक्षित. बायकामुलांचं देणं सावकाराच्या देण्याआधी, असा त्याचा सरळ अर्थ.

सोसायटी माझ्या फ्लॅटवर जप्ती आणू शकते का?

सोसायटी स्वतः नाही. पण मेन्टेनन्स थकवला की सोसायटी निबंधकाकडे अर्ज करते आणि वसुली दाखला मिळवते. लोक अजून त्याला ‘१०१ चा दाखला’ म्हणतात, कारण १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात ते कलम होतं. २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, कलम १५४ब-२९. जिभेवरचा आकडा काही बदलला नाही. दाखल्यानंतर वसुली अधिकारी आधी मागणीची नोटीस देतो, मग जंगम वस्तू, मग फ्लॅट.

बिल्डरकडून पैसे येणं असेल तर शब्द बदलतो. महारेरा, म्हणजे बिल्डरांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण, वसुली वॉरंट काढतं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मुंबई शहर किंवा उपनगर, बिल्डरची मिळकत कुठे आहे त्याप्रमाणे. तिथे ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल होते. वॉरंट हातात आलं म्हणजे पैसे आले असं मात्र नाही. बिल्डरच्या कोणत्या मिळकतीवर जप्ती आणता येईल याची माहिती तक्रारदाराने स्वतः गोळा करून दिली, तर काम हलण्याची शक्यता वाढते.

पोलिसांनी मोबाइल जप्त केला. परत मिळेल का?

पोलिसांच्या भाषेत तो आता ‘मुद्देमाल’. जप्तीचा पंचनामा होतो आणि पंचांच्या सह्या होतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं. वस्तू परत मिळवण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, त्याला ‘मुद्देमाल सोडवणं’ म्हणतात. बंधपत्र लिहून घेऊन वस्तू देतात आणि खटल्यात लागेल तेव्हा हजर करायला सांगतात. पंचनाम्यात वस्तूचं वर्णन नीट आहे का ते पाहा. ‘एक काळा मोबाइल’ एवढंच लिहिलं तर पुढे डोकेदुखी तुमचीच.

बँक खात्याला पोलीस ‘गोठवलं’ म्हणतात. मराठीत हा शब्द आता छान रुळला आहे.

फेरीवाल्याचा माल पालिका उचलते, ती जप्तीच ना?

हो, पण रस्त्यावर कुणी ‘जप्ती’ म्हणत नाही. ‘गाडी आली’ आणि ‘माल उचलला’, एवढंच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. नोटिशीनंतरही जागा न सोडणाऱ्याचा माल घेतला, तर घेणाऱ्या अधिकाऱ्याने सहीनिशी यादी द्यायची. विक्रेत्याने मागणी केली आणि शुल्क भरलं की नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत सोडायचा. दादरच्या फुलवाल्याला यादीअभावी आपली टोपली कुठली हे सिद्ध करता येत नाही, म्हणून आधी यादी मागायची.

हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यांनी बाइक ओढून नेली. ही जप्ती का?

नाही. करारातल्या अटीप्रमाणे घेतलेला ताबा. वसुली एजंटाला जप्तीचा कोणताही अधिकार नसतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोनही करायचा नाही.

भावाने वडिलांची खोली ‘जप्त केली’, असं लिहिता येईल?

बळकावली, हडपली, कब्जा केला, यांपैकी काहीही लिहा. भावाकडे अधिकारपत्र नाही.

देणं भाडेकरूचं आणि फ्रिज माझा. बेलीफ नेऊ शकतो का?

नेला गेलाच तर आदेश २१ नियम ५८ खाली हरकत घ्या, आणि फ्रिजचं बिल जोडा. हरकत लिलावाआधी घ्यावी लागते, आणि मुद्दाम उशीर केला असं दिसलं तर कोर्ट ती ऐकतही नाही.

लिलाव होऊन गेला. आता सगळं संपलं?

दिवाणी कोर्टातल्या स्थावराच्या लिलावात अजून एक दार उघडं असतं. विक्रीच्या तारखेपासून ६० दिवसांत जाहीरनाम्यातली देण्याची रक्कम, आणि वर खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के, कोर्टात भरले तर आदेश २१ च्या नियम ८९ खाली विक्री रद्द करून मागता येते. बँकेच्या लिलावाला हे लागू नाही, ते वर आलंच आहे.

पैसे भरले. जप्ती आपोआप उठते का?

हुकूमनाम्याची रक्कम खर्चासह कोर्टात भरली की जप्ती उठली असं समजलं जातं. पण सोसायटीच्या दप्तरातली किंवा मिळकत पत्रिकेवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. हुकमाची प्रत घेऊन तुम्हालाच जावं लागतं. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळावं असं वाटत असेल तर त्याच आदेशाच्या नियम ५५ प्रमाणे जप्ती उठल्याचीही दवंडी पिटून घेता येते. त्या दवंडीचा खर्च मात्र तुमचा.